चंद्र हलवण्याचा हिशेब

एखाद्या ग्रहाभोवती फिरणारा चंद्र ढकलून दुसऱ्या कक्षेत नेता येईल का, हा प्रश्न फार वर्षे विज्ञानकथांच्या पानांत सुखाने नांदत होता. तिथे त्याला ना इंधन लागत होते, ना अंदाजपत्रक. २६ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचे उत्तर प्रत्यक्ष मिळाले. भारतात तेव्हा २७ तारीख उजाडायची होती, पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते. ‘नासा’चे ‘डार्ट’ हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फस नावाच्या चिमुकल्या चंद्रावर जाऊन आदळले आणि त्या चंद्राची कक्षा बदलली. माणसाने एका नैसर्गिक खगोलीय वस्तूची वाट मुद्दाम आणि मोजता येईल इतकी बदलण्याची ही पहिली वेळ. आपल्याकडे दोन दिवस बातम्या झाल्या, एक-दोन व्यंगचित्रे आली आणि विषय मागे पडला. तो तसा पडायला नको होता, कारण या धडकेने काही प्रश्न सोडवले आणि त्याहून अवघड असे एक-दोन उभे केले. त्यातला एक तर थेट आपल्या दारात येऊन उभा राहिलेला आहे.

आधी या चंद्राची ओळख. डिडिमॉस हा सुमारे पाऊण किलोमीटर व्यासाचा लघुग्रह. त्याच्याभोवती डायमॉर्फस फिरतो. त्याचा व्यास सुमारे दीडशे ते एकशे साठ मीटर, म्हणजे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासारख्या सहा कमानी एकावर एक रचल्या तर होईल तेवढा. दोघांमधले अंतर साधारण १,२०० मीटर आणि एक फेरी पूर्ण करायला लागणारा वेळ ११ तास ५५ मिनिटे. हिशेब केला तर या चंद्राचा कक्षेतला वेग सेकंदाला अवघा १७ सेंटिमीटर निघतो. रांगते मूलही त्याच्याशी बरोबरी करील. या जोडगोळीपासून पृथ्वीला कसलाही धोका नव्हता आणि नाही. प्रयोगासाठी ती निवडली गेली त्याचे कारण वेगळेच आहे आणि ते फार शहाणपणाचे आहे.

सूर्याभोवती एकट्याने फिरणाऱ्या लघुग्रहाला असाच धक्का दिला असता, तर त्याच्या वाटेतला फरक कळायला वर्षानुवर्षे वेध घेत बसावे लागले असते. चंद्राचे तसे नाही. डायमॉर्फस डिडिमॉसच्या पुढून किंवा मागून जातो तेव्हा पृथ्वीवरच्या दुर्बिणीत दोघांचा मिळून दिसणारा प्रकाश किंचित मंदावतो. ठरावीक अंतराने पडणारा हा ठोका म्हणजे त्या जोडीची नाडीच. धडकेपूर्वीची नाडी माहीत होती, धडकेनंतरची मोजली की झाले. जगभरच्या दुर्बिणींनी ती मोजली. ११ तास ५५ मिनिटांची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली होती. मोहीम यशस्वी म्हणण्यासाठी आखलेली किमान मर्यादा होती ७३ सेकंद.

चंद्र मंदावला तर फेरी लवकर कशी संपली, असे कोणी विचारील आणि ते रास्तच आहे. यान समोरून येऊन आदळल्याने त्याचा वेग कमी झाला. वेग कमी झाला म्हणून तो डिडिमॉसच्या काहीसा जवळ सरकला आणि जवळची कक्षा लहान असल्याने फेरी लवकर पुरी होऊ लागली. वेगातली ही घट किती होती? सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटर. यानाचे वजन आदळताना ५८० किलोच्या आसपास, म्हणजे जुन्या मारुती-८०० पेक्षाही कमी. समोरच्या चंद्राचे वस्तुमान मात्र चारशे कोटी किलोंच्या घरात. एवढ्या विषम जोडीत तेहतीस मिनिटांचा फरक पडला तो एकट्या यानाच्या जोरावर नाही. धडकेने त्या चंद्रावरचे हजार टनांहून अधिक दगडगोटे व धूळ उलट दिशेने उधळली गेली आणि तोफेतून गोळा सुटल्यावर तोफ मागे रेटली जाते तसा त्या उधळणीचा रेटा चंद्राला मिळाला. यानाच्या स्वतःच्या रेट्यापेक्षा एकूण परिणाम तिपटीहून अधिक झाला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा आनंदाचा भाग झाला. मात्र औषधाने गुण दिला म्हणून ते कशाने लागू पडले हे कळले असे होत नाही. डायमॉर्फस हा एकसंध खडक नाही, तो सैल दगडांचा ढीग आहे. तो सैल होता म्हणून उधळण झाली आणि उधळण झाली म्हणून रेटा वाढला. उद्या समोर घट्ट खडकाचा किंवा लोखंडाचा लघुग्रह आला, तर हा गुणक एवढा मिळेलच असे नाही. शिवाय हबल दुर्बिणीला नंतर डायमॉर्फसभोवती एक ते सात मीटर आकाराचे ३७ धोंडे हळूहळू दूर जाताना दिसले. हे दुष्परिणामांच्या रकान्यात लिहावे लागेल. धक्का देताना आपण एक धोका टाळतो आहोत की एकाचे अनेक करतो आहोत, हे नेमके कळण्यासाठी पाठपुरावा हवा. त्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘हेरा’ यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले आहे. २०२६ च्या अखेरीस ते डायमॉर्फसपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. त्या चंद्रावर विवर पडले की त्याचा सगळा आकारच बदलला, त्याचे नेमके वस्तुमान किती, हे ते पाहील. धडकेची मोहीम एका संस्थेची, तपासणीची दुसऱ्या संस्थेची. उपचार करणाऱ्यानेच स्वतःच्या उपचाराचे गुण मोजू नयेत, हा नियम इथे आपोआप पाळला गेला आहे.

आता मोठा प्रश्न. दीडशे मीटरचा चंद्र हलला, मग वीस-पंचवीस किलोमीटरचा का नाही? मंगळाच्या फोबॉसचे उदाहरण घेऊ. १८७७ मध्ये आसफ हॉल यांनी तो शोधला. तो सुमारे २७ किलोमीटर लांबीचा, बटाट्यासारखा वेडावाकडा आहे. मंगळाच्या पृष्ठभागापासून अवघ्या सहा हजार किलोमीटरवरून तो साडेसात तासांत फेरी मारतो. मंगळ स्वतःभोवती फिरतो त्यापेक्षा हा वेगाने फिरतो, म्हणून मंगळावर उभे राहिले तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. याच घाईपायी भरती-ओहोटीचे बळ त्याला मागे खेचते आणि दर शंभर वर्षांनी तो सुमारे १.८ मीटर खाली येतो. आपल्या चंद्राचे उलट आहे. तो पृथ्वीच्या परिवलनापेक्षा हळू फिरतो, त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर रोज दोनदा येणारी भरती ज्या बळाने येते, तेच बळ त्याला वर्षाला पावणेचार सेंटिमीटरने दूर लोटते. चंद्र हलवण्याचे काम निसर्ग सतत करतोच. त्याच्यापाशी वेळ अमाप आहे, एवढाच काय तो फरक. फोबॉस तीन ते पाच कोटी वर्षांत मंगळाच्या ओढीने फुटेल किंवा आदळेल, असे गणित सांगते.

तो पडू नये म्हणून त्याला मंगळाच्या परिवलनाशी जुळणाऱ्या उंचीपलीकडे नेऊन ठेवावे, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. तिचा हिशेब शाळकरी भौतिकशास्त्रात बसतो. फोबॉसचे वस्तुमान साधारण एकावर सोळा शून्ये इतके किलो. त्याला त्या उंचीवर न्यायला लागणारी किमान ऊर्जा सगळे जग सुमारे वीस वर्षांत जाळते तेवढी. ही एक जूलही वाया न घालवता. आजच्या उत्तम आयन इंजिनांनी ते करायचे म्हटले, तर २५० अब्ज टनांच्या आसपास इंधनवायू हवा. ‘डॉन’ या यानाने दोन लघुग्रहांच्या वाऱ्या केल्या त्या ४२५ किलो झेनॉनवर! बरे, वर नेणे राहू द्या. फोबॉस आहे तिथे थोपवून धरायचा, म्हणजे वर्षाला पावणेदोन सेंटिमीटरची घसरण भरून काढायची, तरी ‘डार्ट’सारख्या धडका वर्षाला सतराशे-अठराशे माराव्या लागतील. दिवसाला चार-पाच. एका ‘डार्ट’चा खर्च बत्तीस कोटी डॉलरहून अधिक होता. तेव्हा फोबॉस, आणि त्याहून मोठा कोणताही चंद्र, हलवण्याच्या गप्पा तूर्त गप्पा म्हणूनच ऐकाव्यात. हे तंत्रज्ञान उद्या सुधारले की जमेल अशा जातीचे अशक्य नाही. इथे आकडे एक-दोन नव्हे, दहा-बारा शून्यांनी चुकतात.

मग छोट्या चंद्राला दिलेल्या मिलिमीटरभर धक्क्याचे महत्त्व काय? त्याचे महत्त्व वेळेत आहे. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहाला दहा वर्षे आधी सेकंदाला एक सेंटिमीटरचा फरक देता आला, तर आदळण्याच्या दिवसापर्यंत तो हजारो किलोमीटर मागेपुढे झालेला असतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. एवढ्यात काम होते. तोच लघुग्रह सहा महिने आधी दिसला तर कितीही मोठे यान धाडा, उपयोग नाही. रक्तदाब तिशीत सापडला तर जेवणातले मीठ आणि एक गोळी पुरते. साठीत पक्षाघाताने दाखल झाल्यावर सापडला तर अतिदक्षता विभागही अपुरा पडतो. म्हणून खरी गुंतवणूक धडकेपेक्षा शोधात हवी. १४० मीटरहून मोठे, पृथ्वीच्या वाटेजवळून जाणारे लघुग्रह सुमारे २५,००० असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

त्याहून लहान असलेल्यांची गोष्टच वेगळी. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांत तो पहिल्यांदा ओळखला आयआयटी मुंबईच्या एका विद्यार्थ्याने, पण तोवर तो जाऊन काही तास उलटले होते. तो आदळला असता तरी वातावरणातच जळून गेला असता, हे खरे. मुद्दा हा की तो येताना कोणालाच दिसला नाही.

दिसल्यावर काय होते याचा अनुभव २०२५ च्या फेब्रुवारीत आला. ‘२०२४ वायआर४’ हा सुमारे ६० मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के सांगितली गेली. संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत होता. मुंबईचे नाव त्यात आले आणि मोबाइलवर जे फिरायचे ते फिरले. आठवडाभरात शक्यता शून्यावर आली, तेव्हा ‘शास्त्रज्ञ घाबरवतात’ असा उलटा सूर लागला. दोन्ही चुकीचे होते. तापाच्या रुग्णात संभाव्य आजारांच्या यादीतून एकेक नाव वगळत गेले की उरलेल्या प्रत्येकाची शक्यता आधी वाढत जाते आणि शेवटच्या तपासणीत त्यातलेही एक गळून पडते. म्हणून कोणी पॅथॉलॉजिस्टवर चिडत नाही. लघुग्रहाच्या संभाव्य वाटेचा पट्टा अरुंद होत गेला, पृथ्वी त्यात होती तोवर टक्केवारी वाढली आणि पट्टा आणखी आक्रसून पृथ्वी बाहेर पडली तेव्हा ती कोसळली. वेध नीट चालले आहेत याचीच ती खूण होती.

याच पट्ट्यात तो अवघड प्रश्न दडलेला आहे. समजा शक्यता शून्यावर आली नसती आणि एखाद्या देशाने लघुग्रहाला धक्का द्यायचे ठरवले असते. धक्का पुरेसा बसला तर सगळे सुटले. अपुरा बसला तर आदळण्याची जागा नाहीशी होत नाही, ती त्या पट्ट्यावरून पुढेमागे सरकते. प्रशांत महासागरावरून सरकून ती कोठे जाईल? पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण राहते? कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्येच ‘नेचर’मधून बजावले होते की, लघुग्रह दूर ढकलण्याची विद्या ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे तो जवळ ढकलण्याचीही आहे. वाईट हेतूचे सोडा. चांगल्या हेतूने, घाईत दिलेला अर्धा धक्काही एका देशाचे संकट दुसऱ्याच्या माथी मारू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने गेल्या दशकात दोन आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाले, एक इशारा देण्यासाठी आणि दुसरा मोहिमांच्या नियोजनासाठी. दोन्हींचे काम सल्ल्याचे. धक्का द्यायचा की नाही, कोणी द्यायचा, फसला तर जबाबदारी कोणाची, याचे बंधनकारक उत्तर आज कोणत्याही करारात नाही. १९६७ च्या अवकाश कराराने अंतराळात अण्वस्त्रे तैनात करायला बंदी घातली, पण लघुग्रहांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची संमती घेतात. इथे रुग्ण आठशे कोटी आहेत आणि संमतीपत्राचा नमुनाही छापलेला नाही.

भारताने या चर्चेत मागच्या बाकावर बसून चालणार नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान अलगद उतरवणाऱ्या देशाला तांत्रिक सबब सांगता येत नाही. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची लडाखमधील हानले येथील ७० सेंटिमीटरची दुर्बीण लघुग्रहांचे वेध घेते. ते काम मोलाचे आहे, पण सापडलेल्याचा पाठलाग करणे वेगळे आणि सारे आकाश रोज चाळणे वेगळे. चाळणी अजून अमेरिकेच्या पैशावर आणि चिलीतल्या आकाशावर अवलंबून आहे. ‘अपोफिस’ हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपले दळणवळणाचे उपग्रह त्याहून वर असतात. आदळण्याची भीती नाही, अभ्यासाची संधी मात्र शतकात क्वचित येते अशी. तिथे भारताचे एखादे उपकरण असावे, अशी इच्छा ‘इस्रो’च्या धुरीणांनी बोलून दाखवली आहे. इच्छेचे मंजूर प्रकल्पात रूपांतर व्हायला लागणारा आपला नेहमीचा वेळ पाहता, हाती उरलेले महिने मोजकेच आहेत. निदान ज्या राज्यात लोणारचे १.८ किलोमीटरचे विवर आहे, त्या राज्याला तरी दगड आकाशातून पडतो हे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

अंतराळातले उपाय लांबचे. जमिनीवरचा एक उपाय मात्र आज, जवळजवळ फुकट करता येण्याजोगा आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा लघुग्रह हवेतच फुटला. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, मृत्यू एकही नाही. बहुतेक जखमा झाल्या त्या दगडाने नव्हे, काचेने. झगझगीत प्रकाश दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले आणि स्फोटाची लाट मिनिट-दोन मिनिटांनी आली तेव्हा काचा त्यांच्या चेहऱ्यावर फुटल्या. एका शाळेत शिक्षिकेने प्रकाश दिसताच चौथीच्या मुलांना बाकांखाली बसवले. मुले सुखरूप राहिली, उभ्या राहिलेल्या शिक्षिकेच्या हाताचा स्नायुबंध मात्र कापला गेला. ४ ऑगस्ट २०२० च्या बैरुत स्फोटातही आधीचा धूर पाहायला, मोबाइलवर टिपायला लोक खिडक्यांशी उभे होते. डोळ्यांच्या किती जखमा टाळता आल्या असत्या! आणि इतके दूर कशाला जायचे? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या इमारतींच्या काचा फोडल्या.

लखलखाट किंवा मोठा धूर दिसला की खिडकीपासून दूर व्हा, जमिनीवर बसा, डोके आणि डोळे झाका, निदान दोन-तीन मिनिटे उठू नका. एवढी चार वाक्ये शाळांच्या आपत्ती-कवायतीत आणि कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत शिकवायला कोणत्याही यानाची गरज नाही. जिल्हा रुग्णालयांच्या आराखड्यात भाजलेल्यांसाठी खाटा राखलेल्या असतात. त्याच्याच शेजारी, एकाच तासात शेकडो काच-जखमा आल्या तर टाके घालायचे साहित्य किती, धनुर्वाताची लस किती आणि नेत्रशल्यचिकित्सक कोणत्या तालुक्यातून बोलवायचा, याची एक ओळ लिहायला हवी. काच डोळ्यात रुतली असेल तर ती घरी उपटू नये, डोळा चोळू किंवा दाबू नये, वरून कागदी पेल्यासारखे काही अलगद टेकवून रुग्णालय गाठावे, हेही लोकांना माहीत नसते. लघुग्रह उद्या येईल की पन्नास हजार वर्षांनी, सांगता येत नाही. रासायनिक कारखान्यातला पुढचा स्फोट इतका थांबणार नाही आणि दोन्हींत काच सारखीच फुटते.